ढकलाढकलीची तालीम

टिंकाराच्या बैठकीला मला कुणीच बोलावलं नव्हतं. मी वरच्या शाळेची स्वयंपाकीण. सतरा मुलांचं जेवण, दोन वर्गांची फरशी आणि हिवाळ्यात पायऱ्यांवरचा बर्फ, एवढाच माझा कारभार. पण त्या दिवशी तिच्या आईची, यर्नेयाची, गाडी दुरुस्तीला गेली होती. म्हणून मी त्या दोघींना माझ्या गाडीतून खालच्या शाळेत घेऊन गेले, आणि बाहेर बाकावर एकटीनं काय बसायचं म्हणून त्यांच्या मागोमाग आत शिरले. कुणी काही विचारलं नाही. मुख्याध्यापकांना वाटलं, मी आजी असेन.

आमच्या डोंगरातल्या शाळेत बालवर्गापासून पाचवीपर्यंतच वर्ग. सहावीपासून पोरं बसने खाली दरीतल्या मोठ्या शाळेत जातात. बहुतेक पोरं आठवडाभर कावरीबावरी होतात, मग वरच्या शाळेला विसरतात, आणि रस्त्यात दिसली तर मला ओळख द्यायलाही लाजतात. टिंकाराचं तसं होणार नव्हतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. तिला ऑटिझम आहे. सरकारी कागदात त्यावर दीड पान लिहिलेलं आहे. मी सहा वर्षं तिला जेवायला वाढत आले, मला ते एका वाक्यात सांगता येतं: तिला काहीही चालतं, फक्त आधी सांगायला हवं, आणि सांगितलं तसंच व्हायला हवं. पहिला भाग आम्हाला जमत आला. दुसरा कुणाच्या बापालाही जमत नाही.

बैठकीत खालच्या शाळेची समुपदेशक होती, पोलोना. वय असेल अठ्ठावीस. पोरगी कामाची. टिंकारासाठी तिनं चौदा पानांची योजना केली होती: कुठल्या दारातून आत यायचं, जिना कुठला, फार आवाज झाला तर कुठल्या खोलीत जाऊन बसायचं, आठवड्यातले कुठले तीन तास वेगळ्या बाई येतील. प्रत्येक पानाला रंगीत चिकटपट्टी. मुख्याध्यापक उंच, टायवाले. बोलायचे असे, की समोर उद्घाटनाची फीत आहे आणि हातात कात्री.

टिंकारानं स्वतःची वही आणली होती.

"जेवणघरात एका वेळी किती मुलं असतात?"

"साधारण दोनशे," मुख्याध्यापक म्हणाले.

"साधारण म्हणजे किती?"

पोलोना उठली, बाहेर गेली, आणि तीन मिनिटांनी परत आली. "दोनशे तेरा."

टिंकारानं लिहून घेतलं. "ढकलतात का?"

मुख्याध्यापक हसले. "आमच्या शाळेत कुणी कुणाला ढकलत नाही, बाळ."

मी छताकडे बघितलं. तीस वर्षं मुलांना जेवायला वाढतेय मी. माझ्याकडे सतराच असतात, तरी पॅनकेकच्या दिवशी मला हातात डाव धरून मध्ये उभं राहावं लागतं. पण मी तिथं आजी म्हणून बसले होते. तोंड उघडलं असतं तर भांडं फुटलं असतं.

टिंकारानं लिहिलं: ढकलत नाहीत. खाली पट्टीने दोन रेघा मारल्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तिला एका दुपारपुरतं खाली नेलं, ओळख व्हावी म्हणून. पोलोना सोबत होती. दार, जिना, वर्ग, सगळं योजनेबरहुकूम पार पडलं. साडेबाराला दोघी जेवणघरात गेल्या. चौथ्या मिनिटाला आठवीतला एक घोडा पाठीवर दप्तर घेऊन मागे वळला, आणि त्या दप्तरानं टिंकाराला रांगेतून पार बाहेर काढलं. त्याला बिचाऱ्याला कळलंही नाही. टिंकारानं आपला ट्रे नीट फरशीवर ठेवला, स्वयंपाकघराचं झुलतं दार ढकललं, आणि वाढायच्या ओट्याखाली जाऊन बसली. तिथल्या स्वयंपाकिणीच्या, हर्मिनाबाईंच्या, पायांमध्ये. चाळीस मिनिटं. हर्मिनाबाईंनी उरलेल्या सगळ्या पोरांना घोड्यावर बसल्यासारख्या तंगड्या फाकून वाढलं.

रात्रीच्या जेवणाला टिंकारानं आईला सांगितलं, "मी त्या शाळेत जाणार नाही."

"ढकललं म्हणून?"

"नाही. ढकललं ते ठीक आहे. मुख्याध्यापक खोटं बोलले. त्यांनी आणखी काय काय खोटं सांगितलंय ते मला माहीत नाही. मग सगळी चौदा पानं खोटी असू शकतात."

दुसऱ्या दिवशी यर्नेया माझ्या स्वयंपाकघरात आली. ती खाली नळांच्या तोट्या बनवणाऱ्या कारखान्यात पाळीत काम करते. नवरा कधीचाच ऑस्ट्रियात कामाला गेला तो तिकडचाच झाला. ती बसली, समोरचे बटाटे ओढून सोलायला लागली, आणि सोलता सोलता डोळे पुसायला लागली.

"श्टेफा, तूच सांग, पोरीचं चुकलं कुठे?"

"कुठंच नाही. म्हणून तर पंचाईत आहे."

"मी तिला म्हटलं, अगं, मोठी माणसं असं बोलतात, मनावर घ्यायचं नसतं. तर मला म्हणते, म्हणजे तू पण बोलतेस? आता यावर मी काय बोलू?"

तेवढ्यात लोय्झे आला. लोय्झे म्हणजे आमच्या गावच्या बंबवाल्यांचा प्रमुख. पगारी नाहीत हे लोक. सुतार, शेतकरी, बसचालक, सगळे आपापली कामं सांभाळून आग विझवणारे. आग वर्षातून दोनदा लागते, त्यामुळे उरलेला वेळ ते गावभर मतं देत फिरतात. लोय्झे रोज अकराला माझ्याकडे कॉफीला येतो. गेली चौदा वर्षं तो म्हणतोय की माझी कॉफी पाणचट असते.

त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि कप खाली ठेवला.

"भोंग्याचं आठवतं ना?"

आठवत होतं. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी भर दुपारी बारा वाजता गावातला भोंगा तपासणीसाठी वाजतो. टिंकारा पाच वर्षांची होती तेव्हा तो वाजला की ती कपाटात शिरायची, आणि संध्याकाळपर्यंत बाहेर यायची नाही. मग लोय्झेनं तिला बंबावर आपल्या शेजारी बसवलं, हातात स्वतःचं घड्याळ दिलं, आणि म्हणाला, तू सांगशील तेव्हा मी बटण दाबतो. तिनं बारा वाजायला दहा सेकंद असताना उलटे आकडे मोजले. तेव्हापासून भोंगा तिचाच. लोय्झेला एकदा दोन सेकंद उशीर झाला, तर त्याला आठवडाभर ऐकून घ्यावं लागलं.

"तर मग ढकलायचंही तसंच करू," लोय्झे म्हणाला.

"तसंच म्हणजे कसं?"

"ढकलू तिला. आधी सांगून. वेळ ठरवून."

यर्नेयाच्या हातातली सुरी थांबली. "तू माझ्या पोरीला ढकलणार?"

"मी एकटा नाही गं. सगळं दल."

मी पोलोनाला फोन केला. मला वाटलं, शिकलेली बाई आहे, झापेल. पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "हे मी लिहिणार कुठल्या रकान्यात ते मला माहीत नाही. पण करा." आणि मग तिनं एक कामाची गोष्ट सांगितली. ढकललं की काय करायचं ते ठरलेलं हवं. कोपरं अंगाशी, ट्रे छातीशी, वीसपर्यंत मोजायचं, आणि मग स्पष्ट म्हणायचं, "माझी जागा इथे आहे." बस्स.

टिंकारानं दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी होकार आला. "पण खरं ढकला," ती म्हणाली. "खोटं खोटं ढकललं तर काही उपयोग नाही."

ऑगस्टमधले सगळे मंगळवार, संध्याकाळी सहाला, बंबवाल्यांच्या हॉलमध्ये. मी शाळेतले ट्रे आणि मोठं पातेलं नेलं. तेवीस माणसं आली. एरवी कवायतीला नऊ येतात. टिंकारा दारात वही घेऊन उभी होती आणि प्रत्येकाला वर्ग वाटून देत होती.

"तू सातवी अ. तू आठवी. तू सहावी ब."

"मी मुख्याध्यापक होतो ना," लोय्झे म्हणाला. "मी दलाचा प्रमुख आहे."

"तू सहावी ब. तुझं दप्तर कुठंय?"

"दप्तर?"

"दप्तराशिवाय कसं ढकलणार? मला दप्तरानं ढकललं होतं."

पुढच्या मंगळवारी तेवीसच्या तेवीस माणसं दप्तरं लावून आली. ज्याच्या घरी जे सापडलं ते. लोय्झेच्या पाठीवर नातीचं गुलाबी दप्तर होतं, त्यावर चकचकीत शिंगाचा घोडा, आणि पट्टे इतके तोकडे की त्याचे दोन्ही हात बदकासारखे बाहेर आले होते. सहावी ब मधल्या उरलेल्या तिघांनी त्याला तिथल्या तिथं चिडवायला सुरुवात केली, आणि सांगते, ते नाटक नव्हतं.

पहिली अडचण रुदीची. रुदी सुतार, वजन एकशे दहा किलो, आणि स्वभावानं लोणी. रांगेत टिंकाराच्या मागे उभा राहिला की घामाघूम व्हायचा.

"माफ कर हं टिंकारा, आता ढकलतो."

"पोरं ढकलायच्या आधी माफी मागत नाहीत."

"मग नंतर मागू?"

"नंतर पण नाही. नंतर ती हसतात."

रुदीनं तिला दोन बोटांनी टेकवल्यासारखं केलं आणि रडवेल्या चेहऱ्यानं हसला. टिंकारानं वहीत लिहिलं: रुदी, नापास. तीन मंगळवार तो नापास होत राहिला. त्याच्या बायकोनं मला सांगितलं, तो घरी फ्रिजला ढकलून सराव करत होता.

दुसऱ्या मंगळवारी सगळ्यांचे पेजर एकदम वाजले. खाली वळणावरच्या गोठ्यात गवत धुमसत होतं. तेवीस माणसं घास तसाच टाकून, दप्तरांसकट, बंबात बसून गेली. हॉलमध्ये मी, टिंकारा आणि पंचवीस ताटं. तिनं शांतपणे स्वतःचं जेवण संपवलं आणि लिहिलं: सर्व वर्ग परवानगी न घेता निघून गेले. गोठ्याच्या मालकाला मात्र अजून कळलेलं नाही, की लोय्झे त्याची आग विझवायला गुलाबी दप्तर लावून का आला होता.

खरी परीक्षा झाली तिसऱ्या मंगळवारी. त्सिरिल आणि व्हिक्टोर हे आमच्या गावातले दोन शेजारी, दोघंही दलात, पण कुंपणावरून नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. टिंकाराला याच्याशी काय देणंघेणं? तिनं दोघांना सातवी अ मध्ये टाकलं, एक तिच्या पुढे, एक मागे. मी त्या दिवशी पोलेंटा केला होता, मक्याचा, चांगला घट्ट, वर गुलाश, म्हणजे मांसाचा रस्सा. त्सिरिलनं ठरल्याप्रमाणे मागून ढकललं. टिंकारा पुढे गेली, व्हिक्टोरवर आदळली. व्हिक्टोर वळला, त्याला समोर त्सिरिल दिसला, आणि नऊ वर्षं एकदम वर आली. त्यानं ढकललं. त्सिरिलनं ढकललं. व्हिक्टोरचा पोलेंटा त्सिरिलच्या छातीवर, त्सिरिलचं गुलाश व्हिक्टोरच्या कॉलरमध्ये, "तू खांब सरकवलास," "तुझ्या बापानं सरकवला," आणि या सगळ्याच्या मधोमध साडेचार फुटांची टिंकारा.

मी डाव टाकून धावले. यर्नेयानं माझा ॲप्रन मागून धरला. ती पकड सोडेना. "थांब," ती म्हणाली. "तिचे ओठ बघ."

टिंकाराचे ओठ हलत होते. डोळे गच्च मिटलेले, कोपरं अंगाशी, ट्रे छातीशी. हॉलमधला आरडाओरडा हळूहळू बसत गेला आणि मग तिचा आवाज ऐकू आला. "अठरा. एकोणीस. वीस." तिनं डोळे उघडले. "माझी जागा इथे आहे."

दोन्ही म्हातारे बाजूला झाले. दोघांच्या मिशांना पोलेंटा.

"हे सगळ्यात चांगलं झालं," टिंकारा म्हणाली. "पुढच्या मंगळवारी तुम्ही दोघं परत एकत्र."

यर्नेया बाहेर गेली आणि बंबाच्या मागे उभी राहून रडली. मी तिला रडू दिलं. मला फरशी पुसायची होती.

शेवटच्या मंगळवारी पोलोना बघायला आली आणि सोबत हर्मिनाबाईंना घेऊन आली. मी हर्मिनाबाईंना आधी कधी भेटले नव्हते. बाई म्हणजे भरभक्कम, पांढरा कोट, केस जाळीत, नोकरीवर नसतानाही. आल्या त्या सरळ माझ्या पातेल्याजवळ. झाकण उचललं, वास घेतला, झाकण ठेवलं.

"किती माणसांचं?"

"पंचवीस."

"माझ्याकडे चारशे साठ," त्या म्हणाल्या. "दोन पाळ्यांत. आणि मला ओट्याखाली कुणी नकोय. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय."

मला इतका राग आला की मी त्यांना वाढताना मांसाचे तुकडे मोजून दोनच घातले.

पण मग टिंकारा त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. वही उघडलेली.

"तुमच्या जेवणघरात ढकलतात का?"

हर्मिनाबाईंनी घास गिळला, हात पुसले, आणि तिच्याकडे असं बघितलं जसं एक बाई दुसऱ्या बाईकडे बघते.

"ढकलतात. रोज. जनावरांसारखे. सगळ्यात जास्त आठवीतले. आणि ज्या शुक्रवारी पॅनकेक असतात त्या शुक्रवारी तर मी ओट्यावर झारा आपटते, तेवढ्यापुरते थांबतात, मग परत."

"पॅनकेक दर शुक्रवारी असतात?"

"दर तिसऱ्या."

टिंकारानं लिहून घेतलं. "मुख्याध्यापक म्हणाले, कुणी ढकलत नाही."

"मुख्याध्यापक आपला डबा खोलीत बसून खातात," हर्मिनाबाई म्हणाल्या.

टिंकारानं नवीन पान उघडलं, आणि पाऊण तास तिचे प्रश्न चालले. सूप आधी की सोबत? काटे कुठल्या बाजूला? डाव पडला तर आवाज किती होतो? हर्मिनाबाईंनी एकाही प्रश्नाला "साधारण" म्हटलं नाही. माहीत नसेल तिथं म्हणाल्या, "माहीत नाही, बघून सांगते." जाताना त्यांचं ताट मी परत भरलं, या वेळी न मोजता.

त्या रात्री टिंकारानं पोलोनाच्या योजनेला स्वतःचं एक पान जोडलं, पान पंधरा. पोलोनानं ते जसंच्या तसं टाइप केलं: "बारा पंचवीस, जेवणघर, रांग. बारा तीस, ढकलाढकली, वीस सेकंद. त्यानंतर जेवण." मुख्याध्यापकांनी पंधराही पानांवर सही केली. मोठी माणसं वाचत नाहीत, सही करतात.

एक सप्टेंबरला शाळा सुरू झाली. वरच्या शाळेतही झाली. माझी सोळा मुलं बाराला जेवली, आणि मी टेबलं पुसत होते पण हातात फडकं आहे की पायमोजा, याकडे माझं लक्ष नव्हतं. पावणेएकला फोन वाजला. हर्मिनाबाई. मागून असा कल्ला की जणू फोन घेऊन त्या बाजारात उभ्या आहेत.

"श्टेफा! तुझी पोरगी हलत नाहीये!"

"ओट्याखाली बसली?"

"ओट्याखाली बसली असती तर बरं! रांगेत उभी आहे. सगळ्यात पुढे. ट्रे छातीशी. मी म्हणते, घे बाळा सूप. ती म्हणते, अजून ढकललं नाही."

"मग कुणी ढकलत का नाही?"

"अगं कसे ढकलतील! जूनमध्ये झालं त्याचा धसका घेऊन साहेबांनी चार मास्तर उभे केलेत रांगेला, खांबासारखे. स्वतः पण आलेत, आज पहिल्यांदा. पोरं इतकी शहाण्यासारखी उभी आहेत की मला भीती वाटायला लागलीये. पंधरा मिनिटं झाली. मागे दोनशे बारा उपाशी आहेत. पोलोनानं समजावलं, की आज नाही होणार ढकलाढकली. तर म्हणते, मग पान पंधरा पण खोटं?"

मी फडकं टाकलं. एका क्षणात सगळा ऑगस्ट माझ्या डोळ्यांसमोरून गेला.

"हर्मिनाबाई, तुम्ही ढकला."

"मी?"

"दुसरं कोण आहे?"

"पहिल्या दिवशी, साहेबांच्या समोर, मी एका अशा मुलीला ढकलू? नोकरी जाईल माझी! दोन वर्षं राहिलीत पेन्शनला!"

"सूप थंड होतंय," मी म्हणाले.

स्वयंपाकिणीला एवढं पुरतं. त्यांनी फोन ओट्यावर ठेवला, बंद न करता. पुढचं मी कानानं ऐकलं, आणि डोळ्यांनी पाहिलेलं नंतर पोलोनानं सांगितलं. हर्मिनाबाई झुलतं दार ढकलून बाहेर आल्या, ऑपरेशनवाल्या गुडघ्यानं लंगडत रांगेपाशी गेल्या, आणि त्यांनी आपल्या कमरेनं टिंकाराला असा एक धक्का दिला की ती दोन पावलं सरकली.

मग मुख्याध्यापकांचा आवाज, "हर्मिनाबाई! हे काय चाललंय?"

आणि त्यावर बारीक, सपाट आवाज: "चार. पाच. सहा. मध्ये बोलू नका. सात."

ते थांबले. वीस होईपर्यंत चारही मास्तर, दोनशे बारा पोरं आणि ते, सगळे थांबले. मी इकडे फोन कानाला लावून तिच्यासोबत मोजत होते.

"माझी जागा इथे आहे," टिंकारा म्हणाली. आणि मग त्यांच्याकडे वळून, "हे ठरलेलं होतं. पान पंधरा. तुमची सही आहे."

मुख्याध्यापक काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. पोलोना म्हणते, त्यांनी फक्त टाय सारखा केला. मग मला डावाचा आवाज ऐकू आला, सूप ओतल्याचा, आणि मी स्टुलावर बसले. खूप वेळ बसले.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. ऑक्टोबरमध्ये कुणी तरी व्यायामाचा तास न सांगता बदलला, आणि टिंकारा तीन दिवस घरातून निघाली नाही. गणिताच्या मास्तरांना तिनं सगळ्या वर्गासमोर सांगितलं की ते एकच विनोद चौथ्यांदा सांगतायत, आणि त्यांनी तिला बाहेर काढलं, आणि पोलोनाला दोन तास मध्ये बसून दोघांना समजवावं लागलं. वर्गातल्या काही पोरी तिची नक्कल करतात, वीसपर्यंत मोजून दाखवतात. टिंकाराला ते कळतं. तिनं आईला सांगितलं, त्या बारा झाले की चुकतात. यर्नेया हे मला सांगताना हसली, आणि मग हसायचं अर्ध्यावर सोडून खिडकीबाहेर बघत राहिली. पण मुख्याध्यापक आता आठवड्यातून एकदा जेवणघरात जेवतात, पोरांच्या रांगेत उभे राहून. दुसऱ्याच आठवड्यात त्यांना आठवीतल्या कुणीतरी ढकललं, आणि सूप टायवर सांडलं. टिंकारानं त्यांना कोपरं कशी ठेवायची ते दाखवलं.

शरद ऋतूची सुट्टी लागली तशी ती माझ्याकडे आली. वरच्या शाळेत कुणी नव्हतं. मी खिडक्या धूत होते. तिला बघून मला काय झालं ते मला सांगता यायचं नाही. सप्टेंबरपासून दर सोमवारी मी सवयीनं आठवड्याचा जेवणाचा तक्ता फळ्याशेजारी लावत होते, आणि कुणी एक मूल येऊन त्यात चूक काढत नव्हतं. मी खिडक्या सोडल्या आणि तिच्यासाठी वरीची खीर टाकली, सुकी आलुबुखारं घालून, जी ती सहा वर्षं दर बुधवारी दोन वाट्या खायची.

तिनं एक वाटी खाल्ली. चमचा ठेवला.

"अजून घे ना."

"नको. हर्मिनाबाईंची खीर जास्त चांगली असते."

ती खोटं बोलत नाही, हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. त्या क्षणी मला वाटलं, एखादं तरी बोलावं बाईनं.

"काय घालते ती त्यात?" मी शेवटी विचारलं.

"माहीत नाही. विचारून सांगते."

सुट्टी संपून शाळा उघडली त्याच दुपारी हर्मिनाबाईंचा फोन आला. मी हॅलो म्हणायच्या आत त्या म्हणाल्या, "तिला पाठवून विचारतेस होय? सांगणार नाही," आणि इतक्या मोठ्यानं हसल्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.